घरच्या माणसासाठी हाताने गिटार घडवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लेकीला, भावाला किंवा आजोबांना स्वतःच्या हातची गिटार द्यायची असं ठरवलेली मंडळी जे प्रश्न पुन्हापुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्र वाचता येईल. एकाचा धागा दुसऱ्यात जात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. सतारीचे दोन शब्द इथेही वापरले आहेत: पुढच्या, आवाज देणाऱ्या फळीला तबली आणि मानेला दांडी.

१. सुतारकामाचा अनुभव नाही. पहिलीच गिटार भेट देण्याजोगी होईल का?

होईल, पण दोन गोष्टी आधी हातात बसल्या पाहिजेत. पहिली, पटाशी आणि रंध्याच्या पात्याला धार लावणं. मनगटावरचे केस निघतील इतकी धार हवी. दुसरी, दोन फळ्यांच्या कडा इतक्या सरळ रंधणं की त्या जोडून खिडकीसमोर धरल्या तर फटीतून उजेड दिसू नये. वखारीतून स्वस्तातले तुकडे आणून हे दोन आठवडे करा, मगच महागाच्या लाकडाला हात लावा.

पहिल्या गिटारीला १५० ते २०० तास लागतात. शनिवार-रविवार मिळून सहा तास दिले तर सहा ते आठ महिने झाले. वाढदिवस तीन महिन्यांवर आला असेल तर बाजू वाकवलेलं आणि फ्रेटच्या (दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या) खाचा पाडलेलं किट घ्या. त्यातही जोडकाम, तबलीखालच्या आधाराच्या पट्ट्या तासणं, पॉलिश आणि सेटिंग तुमच्याच हातचं असतं. घाईत बंद केलेल्या खोक्यापेक्षा (गिटारीच्या पोकळ अंगापेक्षा) ते केव्हाही चांगलं.

२. स्टीलच्या तारांची करू की नायलॉनची?

ज्याला द्यायची त्याच्या हातावर ठरवा. गाण्याला साथ, कॉर्ड, पिकने वाजवणं असेल तर स्टील. बोटांनी वाजवणाऱ्याला, बोटं दुखतात म्हणून वाद्य बाजूला ठेवणाऱ्याला किंवा संधिवात असलेल्या आजोबांना नायलॉन.

बांधणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर पहिल्यांदा नायलॉन सोपी. सहा नायलॉन तारांची एकूण ओढ साधारण ४० किलो, तर ०.०१२ इंची स्टील संचाची ७० किलोच्या वर. स्टीलला दांडीत लोखंडी ट्रस रॉड (दांडी वाकू न देणारी सळई) लागतो, तबलीखाली जाड पट्ट्या लागतात आणि दांडीच्या कोनातली चूक लगेच अंगावर येते (प्रश्न १२). नायलॉनला ट्रस रॉड नसला तरी चालतं.

३. भेट गुपित ठेवायची आहे. न विचारता माप कसं घेऊ?

त्यांच्याकडे आवडती जुनी गिटार असेल तर निम्मं काम झालं. ते घरात नसताना तिची पाच मापं घ्या: नटपासून (डोक्याजवळची, तारांच्या खाचा असलेली पट्टी) बाराव्या फ्रेटपर्यंतचं अंतर (त्याची दुप्पट म्हणजे स्केल, तारेची वाजणारी लांबी), नटची रुंदी, पहिल्या आणि नवव्या फ्रेटजवळ दांडीची जाडी, आणि खोक्याची खोली. व्हर्निअर कॅलिपर घ्या, टेप नको. दांडीच्या जाडीत १ मिमीचा फरकही हाताला कळतो.

गिटार नसेल तर प्रमाण माप धरा. नायलॉनला ६५० मिमी स्केल आणि ५२ मिमी नट, स्टीलला ६४५ मिमी स्केल आणि ४३ मिमी नट. हात लहान असेल तर स्टीलचं स्केल ६२८ मिमी करा. बोटांमधलं अंतर कमी होतं आणि तारांची ओढही थोडी सैल पडते. खांदा दुखणाऱ्यांसाठी खोक्याची खोली १०–१५ मिमीने कमी करा.

४. नऊ वर्षांच्या भाचीसाठी किती मोठी?

साधारण ५८० मिमी स्केलची, म्हणजे बाजारात जिला पाऊण म्हणतात ती. सहा-सात वर्षांच्या मुलांना ५३० मिमीच्या आसपास. तेरा-चौदाव्या वर्षी बहुतेकांना पूर्ण माप पेलतं, त्यामुळे पाऊण गिटार चार-पाच वर्षांचीच सोबत असते. लहान स्केलवर नेहमीच्या तारा ढिल्या पडून फडफडतात, म्हणून जास्त ओढीचा नायलॉन संच लावा.

५. लाकूड कोणतं घ्यावं? आपल्याकडे काय मिळतं?

पैसे तबलीवर खर्च करा. तिथे स्प्रूस किंवा वेस्टर्न रेड सीडर, आणि ते बहुतेक बाहेरूनच येतं. फळीच्या टोकाकडून पाहिल्यावर वाढीच्या रेषा उभ्या, फळीच्या पृष्ठाशी जवळजवळ काटकोनात दिसल्या पाहिजेत. आडव्या रेषांची फळी दमट हवेत जास्त फुगते आणि वाकते. गाठ असलेली फळी घेऊच नका.

मागच्या फळीला आणि बाजूंना आपली शिसवी जगभर मानाची आहे. फणसाचं लाकूडही चालतं. सुरुवातीला पिवळं दिसतं, वर्षागणिक तपकिरी होतं. दांडीला महोगनी किंवा तूण. सतारी-तंबोऱ्यांत तूण पिढ्यान्‌पिढ्या वापरली जाते. मिरजेच्या या वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. मिरजेला गेलात तर वाद्य कारागिरांकडची वाळवून ठेवलेली लाकडं डोळ्यांनी पाहा. किती वर्षांचं लाकूड वापरायचं याचा अंदाज तिथे येतो. फ्रेटबोर्ड (दांडीवरची फ्रेट बसवायची फळी) आणि ब्रिजला (तबलीवर तारा अडकवायचा ठोकळा) शिसवी.

मागची-बाजूची फळी साधी असली तरी हिरमुसू नका. आजच्या क्लासिकल गिटारीची घडण ज्याच्यापासून आली, त्या स्पेनच्या आंतोनिओ दे तोरेसने १८६२ मध्ये मागची बाजू आणि कडा चक्क पुठ्ठ्याच्या करून गिटार बांधली होती. आवाज मुख्यतः तबली देते हेच त्याला दाखवायचं होतं.

६. आजोबांच्या जुन्या सागवानी कपाटाचं लाकूड आहे. त्याची गिटार होईल का?

मागची फळी, बाजू, डोक्यावरची पातळ पट्टी आणि आवाजाच्या भोकाभोवतीची नक्षी एवढ्याला जरूर वापरा. चाळीस-पन्नास वर्षं घरात राहिलेलं सागवान शांत झालेलं असतं, सहसा वाकत नाही. तबलीला मात्र नको. ते जड आहे, आवाज दबतो.

मागच्या अर्ध्या फळीला सुमारे ५२० × २०० मिमी, प्रत्येक बाजूला ८०० × ११० मिमी तुकडा लागतो. कपाटाच्या फळ्या अरुंद निघाल्या तर मागची बाजू तीन तुकड्यांत करा. मधली पट्टी शिसवीची घातली तर तडजोड वाटत नाही, दागिना वाटतो.

दोन गोष्टी सांभाळा. करवत लावण्याआधी प्रत्येक फळीवरून लोहचुंबक फिरवा, कारण आत तुटलेला एक खिळा पातं संपवतो. आणि सागवान तेलकट असतं, वरून गोंद धरल्यासारखा वाटतो आणि वर्षभराने जोड सुटतो. जोडाची कड ताजी रंधा, अ‍ॅसिटोनने पुसा आणि पंधरा मिनिटांत चिकटवा. सागात सिलिका (वाळूसारखे कण) असते, त्यामुळे धार दुप्पट वेळा लावावी लागते. शिसवीही अशीच तेलकट, फक्त तिची भुकटी श्वासाला जास्त त्रास देते. दोन्हींना मास्क हवाच.

७. काम कधी सुरू करावं? पावसाळ्यात केलं तर काय बिघडतं?

सगळ्या प्रश्नांत हा महत्त्वाचा. दिवाळीनंतर सुरू करा आणि खोका होळीच्या आत बंद करा.

कारण साधं आहे. लाकूड हवेतलं पाणी पितं आणि आडव्या अंगाने फुगतं. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. त्या हवेत ४०० मिमी रुंदीची स्प्रूसची तबली चिकटवली आणि ती पुढे ४५ टक्क्यांच्या हवेत गेली, तर तिला सुमारे ४ मिमी आकसायचं असतं. कडा बाजूंना आणि पट्ट्यांना चिकटलेल्या. आकसायला जागाच नाही. मग ती तडकते, बहुधा ब्रिजच्या मागे किंवा फ्रेटबोर्डच्या कडेने. उलट बाजूला धोका कमी आहे. कोरड्या हवेत बांधलेली गिटार पावसाळ्यात फुगून थोडी वर येते, तारा उंच होतात, पण फुटत नाही.

म्हणून तबलीला आणि मागच्या फळीला पट्ट्या चिकटवणं आणि खोका बंद करणं ही कामं ४० ते ४८ टक्के आर्द्रतेतच करा. पुण्यात, नाशकात, विदर्भात हिवाळ्यानंतर असे दिवस सहज मिळतात. समुद्रकाठी जुनं लोखंडी कपाट घ्या, आत ४० वॉटचा साधा पिवळा बल्ब लावा आणि फळ्या चिकटवण्याआधी आठवडाभर त्यात उभ्या ठेवा. फळी आणि बल्बमध्ये हातभर अंतर राहू द्या.

आर्द्रतामापकावर आंधळा विश्वास ठेवू नका. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, चिखलासारखं होईल इतकं पाणी घाला आणि मापकासह हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी ७५ आकडा दिसला पाहिजे. ८१ दिसला तर तुमचा मापक सहाने जास्त दाखवतो. तेवढं वजा करत चला.

८. तबली, मागची फळी आणि बाजू किती पातळ करायच्या?

नायलॉनसाठी स्प्रूसची तबली २.२ ते २.५ मिमी, सीडर असेल तर थोडी जाड. स्टीलसाठी २.८ ते ३ मिमी. मागची फळी २.३ ते २.५ आणि बाजू २ मिमी.

हे आकडे सुरुवातीचे आहेत, प्रत्येक फळी वेगळी असते. ३ मिमीपेक्षा पातळ करताना दर दोन-तीन रंध्यांनी फळीची आडवी लवचीकता हाताने पाहा आणि वरच्या कडेजवळ चिमटीत धरून मधे टकटक करा. आधी ‘ठक्‌’ असा मुका आवाज येतो, मग घंटेसारखा लांबतो. तो लांबू लागला की हात आवरा. जास्त पातळ झालेली तबली परत जाड करता येत नाही. पहिल्या गिटारीत ०.२ मिमी जाड राहिलेली परवडते.

९. बाजू वाकवताना कंबरेपाशी तडकतात. काय चुकतंय?

बहुधा जाडी. २.३ मिमीची शिसवी कंबरेच्या अरुंद वळणात टिकत नाही, ती २ वर आणा. दुसरं कारण, ज्यावर बाजू वाकवता तो पाइप पुरेसा तापलेला नसतो. पाण्याचा थेंब टाकला की तो चुरचुरत न बसता उडून नाचला पाहिजे.

लाकूड भिजत घालू नका, ओल्या फडक्याने पुसा. सुरुवात कंबरेपासून करा, कारण तिथलं वळण उलटं आणि सगळ्यात अवघड. वळणाच्या बाहेरच्या अंगाला पातळ स्टीलची पट्टी धरून दाब द्या. तंतू ताणून उचकटतात ते बाहेरच्याच अंगाला. जोर लावू नका. लाकूड तापलं की लोण्यासारखं आपणहून सैल पडतं, तो क्षण हाताला कळतो. वाकवलेली बाजू साच्यात अडकवून दोन दिवस ठेवा. छोटी चीर आली असेल तर पातळ सुपरग्लू सोडा आणि आतून कापडाची पट्टी लावा. आरपार गेली असेल तर नवी बाजू घ्या.

१०. तबलीखालच्या पट्ट्यांसाठी कोणतंही स्प्रूस चालेल का?

नाही. ठोकळा करवतीने कापण्याआधी पटाशीने फोडून पाहा. तो जिथून फुटतो तीच तंतूंची खरी दिशा, आणि पट्टी तिलाच समांतर हवी. करवतीने तिरके कापलेले तंतू ताण आला की सुटतात.

स्टीलसाठी तबलीखाली इंग्रजी एक्ससारखी फुली: पट्टी ८ मिमी रुंद, फुलीपाशी १५ मिमी उंच, टोकांना २ मिमीपर्यंत उतरती. नायलॉनसाठी पंख्यासारख्या पाच किंवा सात बारीक पट्ट्या, ५ ते ६ मिमी उंच. ब्रिजच्या खाली स्टीलला कठीण लाकडाची २.५ मिमी पट्टी द्या, नाहीतर तारांचे गोळे तबली पोखरतात.

११. फ्रेटच्या खाचांचं माप कसं काढायचं? आणि फेविकॉल चालेल का?

दोन वेगळे प्रश्न आहेत, पण नेहमी एकाच संदेशात येतात, म्हणून एकत्र.

स्केलला १७.८१७ ने भागा. उत्तर म्हणजे पहिल्या फ्रेटचं अंतर. उरलेल्या लांबीला परत १७.८१७ ने भागा, ते पहिल्यापासून दुसऱ्याचं, आणि असंच पुढे. ६५० मिमी स्केलसाठी नटपासूनची अंतरं पडताळून घ्या: पहिला ३६.४८, दुसरा ७०.९२, तिसरा १०३.४२, पाचवा १६३.०५, सातवा २१६.१८, बारावा ३२५.००, एकोणिसावा ४३३.०९. आखताना प्रत्येक फ्रेट नटपासून मोजा, आधीच्या फ्रेटपासून नाही. दर वेळी ०.२ मिमी चुकलं तर बाराव्यापर्यंत ती चूक २ मिमीच्या पुढे जाते आणि गिटार कधीच सुरात लागत नाही. खाच ०.५८ मिमी रुंद हवी. जाड करवतीच्या खाचेत फ्रेट बसत नाही, नुसता राहतो.

फेविकॉलसारखा पांढरा गोंद साचे आणि जिग करायला उत्तम. पण तारांची कायमची ओढ जिथे येते तिथे तो हळूहळू सरकतो, उन्हात उभ्या गाडीत तर नक्कीच. ब्रिज, पट्ट्या, दांडी यांना पिवळा अ‍ॅलिफॅटिक गोंद किंवा पारंपरिक सरस वापरा. सरस रात्रभर भिजवून पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात ६० ते ६५ अंशांवर वितळवा. उकळला तर त्याची ताकद गेली.

१२. दांडीचा कोन बरोबर आहे हे चिकटवण्याआधी कसं कळेल?

स्टीलच्या गिटारीत फ्रेटवर लांब सरळपट्टी ठेवा. तिचं पुढचं टोक ९ मिमी जाडीच्या ब्रिजच्या माथ्याला जेमतेम टेकलं पाहिजे. खाली आलं तर तारा उंच राहतील आणि सॅडल (ब्रिजमधली, तारा टेकतात ती पट्टी) तासून संपेल. बाराव्या फ्रेटवर तार १ मिमी खाली आणायची तर सॅडल २ मिमी उतरावं लागतं, हे प्रमाण लक्षात ठेवा.

स्टीलच्या पहिल्या गिटारीत दांडी चिकटवूच नका, ६ मिमीच्या दोन बोल्टनी आवळा. चार वर्षांनी कोन ढळला तर पाना लावून दांडी उतरवता येते. नायलॉनच्या स्पॅनिश पद्धतीत दांडी आधीच खोक्यात गुंफलेली असते, म्हणून तिथे कोन साच्यातच ठरवावा लागतो.

१३. ब्रिज नेमका कुठे? माझा दोन महिन्यांत उखडला.

जागा शेवटी ठरवा, दांडी पक्की झाल्यावर नटपासून मोजून. तार दाबताना ताणली जाते आणि सूर चढतो, म्हणून सॅडल स्केलपेक्षा थोडं मागे: नायलॉनला दीड-दोन मिमी, स्टीलला बारीक तारेकडे २.५ आणि जाड तारेकडे ५ मिमी, म्हणजे तिरपं.

उखडण्याची कारणं बहुतेक तीनच. ब्रिज पॉलिशवर चिकटवला (तेवढी जागा खरवडून कोरं लाकूड उघडं करा). ब्रिजचा तळ सपाट राहिला आणि तबली किंचित घुमटाकार होती. किंवा शिसवीचं तेल पुसलं नाही (प्रश्न ६). क्लॅम्प २४ तास, तारा त्यानंतर आणखी दोन दिवसांनी.

१४. पॉलिश कोणतं?

फ्रेंच पॉलिश. आपल्या जुन्या सुतारांना येणारं, थर पातळ असणारं आणि घरच्या घरी दुरुस्त होणारं. चपडा लाख १०० ग्रॅम, स्पिरिट ५०० मिली. रात्रभर विरघळवून मलमलीतून गाळा. कापसाचा बोळा मलमलीत बांधून गोल गोल फिरवा, बोळा अडखळला तर ऑलिव्ह तेलाचा एकच थेंब. दिवसाला चार-पाच हात, असे आठ-दहा दिवस, मग तीन-चार आठवडे तसंच सुकू द्या.

पावसात लावलं तर पांढरट धुकं चढतं. सहा महिन्यांपूर्वीचं लाखेचं मिश्रण कधीकधी सुकतच नाही, आधी काचेवर लावून पाहा. ज्याला भेट द्याल त्याला एक सूचना नक्की द्या: हाताला सॅनिटायझर लावून गिटारीला हात लावू नये, त्यातल्या अल्कोहोलने लाख विरघळते.

१५. डोक्यावर नाव देवनागरीत कोरता येईल का?

येईल, आणि शिरोरेषेचा इथे मोठा उपयोग होतो. सगळी अक्षरं तिच्यामुळे एकाच तुकड्यात कापता येतात, सुटी अक्षरं ओळीत लावायची कटकट नाही. १.३ मिमीचा शिंपला, सर्वांत बारीक दाताची करवत. ‘ळ’ आणि ‘क्ष’ यांच्या आतल्या बारीक गाठी तुटतात. त्यांची भोकं आधी ड्रिलने पाडा, बाहेरची रेष नंतर. शिंपल्याची भुकटी फुप्फुसाला वाईट, पाणी लावत कापा.

तारीख, कोणी कोणासाठी केली, हे आतल्या कागदावर. तो कागद खोका बंद करण्याआधी चिकटवा, नंतर भोकातून हात पोचला तरी कागद सरळ बसत नाही. ओळी मागच्या फळीवर पेन्सिलीनेही लिहून ठेवा. कागद सुटतो, पेन्सिल राहते.

१६. मुलगा डावखुरा आहे. तारा उलट लावल्या की झालं ना?

नायलॉनमध्ये पट्ट्या दोन्ही बाजूंना सारख्या असतील आणि सॅडल सरळ असेल तर हो, फक्त नट नवा लागतो. स्टीलमध्ये नाही. सॅडलचा तिरपेपणा उलट हवा, नाहीतर वरच्या फ्रेटवर सूर चुकतात, आणि तबलीखालच्या तिरक्या पट्ट्याही आरशातल्यासारख्या उलट घ्याव्या लागतात. दांडीच्या कडेचे ठिपकेही दुसऱ्या बाजूला.

१७. काकांना स्लाइडवर हिंदुस्थानी राग वाजवायचे आहेत. हीच गिटार चालेल?

वेगळी करावी लागेल. ब्रिजभूषण काबरांनी रुळवलेली ही पद्धत मांडीवर आडवी ठेवून, नळी फिरवून वाजवायची. तारा फ्रेटबोर्डपासून ८ ते १० मिमी उंच लागतात, म्हणजे उंच नट, आणि फ्रेटबोर्ड पूर्ण सपाट. फ्रेट फक्त खुणेपुरते, ते चपट्या रेषांनीही दाखवता येतात. चिकारीच्या (लयीसाठी छेडायच्या) आणि तरफेच्या (आपोआप झंकारणाऱ्या) तारा जोडायच्या असतील तर ओढ खूप वाढते. पहिल्या गिटारीत तो प्रयोग करू नका. साधी सहा तारांची स्लाइड गिटार आधी करा.

१८. बहीण अमेरिकेत आहे. पाठवता येईल?

लाकूड आधी पाहा. शिसवीच्या सगळ्या जाती २ जानेवारी २०१७ पासून साइट्स करारात (दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) आहेत. तयार वाद्यांना २६ नोव्हेंबर २०१९ पासून त्या परवान्यातून सूट आहे, ब्राझिलियन शिसवीला मात्र नाही. भारतातून शिसवी बाहेर नेण्याचे इथले नियम वेगळे. कुरिअरला देण्याआधी विचारा आणि वखारीची पावती जपून ठेवा. ही डोकेदुखीच नको असेल तर सागवान किंवा महोगनी वापरा.

दुसरी गोष्ट हवा. तिकडच्या तापवलेल्या घरात हिवाळ्यात आर्द्रता ३० टक्क्यांच्या खाली जाते. प्रश्न ७ मधलं बंधन अशा गिटारीला दुप्पट लागू, आणि पेटीत ओलावा देणारी पुडी हवी. विमानात कठीण पेटी, तारा दोन-तीन स्वर उतरवलेल्या, डोक्यामागे आणि मानेखाली कापडाची घडी.

१९. भेटीच्या किती दिवस आधी तयार हवी? तार लावली की झणझण होते.

तारा लावल्यावर किमान तीन आठवडे. तबली ओढीला सरावताना किंचित वर येते, दांडी थोडी वाकते, त्यानंतरचंच सेटिंग टिकतं. बाराव्या फ्रेटवर उंची: स्टीलला जाड तार २.४ आणि बारीक १.८ मिमी, नायलॉनला ४ आणि ३. दांडीत सातव्या फ्रेटपाशी ०.१ ते ०.२५ मिमी पोकळी ठेवा.

झणझण एकाच फ्रेटवर असेल तर त्याच्या पुढचा फ्रेट उंच आहे, कानशीने उतरवा. सगळीकडे असेल तर पोकळी कमी पडते आहे. फक्त मोकळ्या तारेवर असेल तर नटची खाच खोल गेली आहे, किंवा सॅडलचा माथा सपाट राहिलाय. तंबोऱ्याच्या घोडीवर आपण मुद्दाम रुंद, चपटा माथा ठेवून जवारी काढतो. तार टेकतटेकत सुटते म्हणून तो सूर पसरतो. गिटारीला नेमकं उलट हवं. सॅडलच्या माथ्यावर तार एकाच रेषेवरून सुटली पाहिजे, मागे उतार हवा. हाडाचं सॅडल चारशे नंबरच्या पॉलिश पेपरवर दोनदा तिरकं फिरवलं की बहुतेक वेळा ही झणझण तिथेच थांबते.